पार्श्वभूमी: ‘चकमकीत ठार’ आलं कुठून?

कामावर असताना जीव गमावलेल्या पत्रकारांची चार-चार ओळींची माहिती पत्रकार दिनाच्या स्मरणिकेत छापायची, असं नागपुरातल्या आम्हा काही जुन्या डेस्कवाल्यांनी ठरवलं. बाकीच्या नोंदी दोन बैठकांत उरकल्या. अफगाणिस्तानातल्या कंदहारमध्ये जुलै २०२१ मध्ये मारल्या गेलेल्या दानिश सिद्दीकी या भारतीय छायापत्रकाराची नोंद मात्र अजून लटकली आहे. त्याची फार ओळख करून द्यायला नको. रोहिंग्यांचे आणि करोनाकाळातल्या चितांचे त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. घोडं अडलंय ते मृत्यूच्या ओळीवर.

तो अफगाण विशेष दलाच्या तुकडीबरोबर स्पिन बोल्दाकला होता, पाकिस्तानच्या सीमेला लागून. १६ जुलैला पहिली बातमी आली ती एका अफगाण अधिकाऱ्याच्या हवाल्याने, आणि तिच्यात शब्द होता ‘क्रॉसफायर’. दोन बाजूंच्या गोळीबारात मधल्यामध्ये सापडणं, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत त्याला चार शब्द लागतात आणि रात्रपाळीच्या माणसाला मथळ्यासाठी एकच हवा असतो. नागपुरात तो हाताशीच असतो. गडचिरोलीच्या बातम्या वर्षानुवर्षं इथल्याच टेबलांवरून गेल्या. ‘चकमकीत ठार’ हे शब्द बोटांना पाठ आहेत. आमच्यातल्या एकाने नोंदीचा पहिला खर्डा लिहिला तेव्हा हेच शब्द उतरले, आणि वाचताना कुणालाच खटकले नाहीत.

खटकायला हवे होते. आपल्याकडे चकमकीत ठार होतो तो लढणारा, पोलीस नाहीतर नक्षलवादी. कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस चकमक करत नाही. दुसरं म्हणजे ‘ठार झाला’ म्हटलं की मारणारा वाक्यातून गायब होतो, जणू दरड कोसळली. आणि त्यानंतरच्या घडामोडी तर या शब्दांच्या उलट जाणाऱ्या. ज्या वृत्तसंस्थेसाठी तो काम करत होता त्या रॉयटर्सनेच पुढच्या महिन्यात खोलात जाऊन छापलं: रॉकेटच्या तुकड्याने तो जखमी झाला, उपचारासाठी त्याला मशिदीत नेलं, तुकडी माघारी फिरली तेव्हा तो आणि दोन कमांडो मागेच राहिले, आणि त्यानंतर ते मारले गेले. पकडून मारल्याचा आरोप तालिबानने नाकारला. मार्च २०२२ मध्ये आई-वडिलांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे तक्रार नेली.

मग लिहायचं काय? ‘हत्या’ लिहावं असं माझं मत होतं, आजही आहे. समितीतल्या दोघांचं म्हणणं, न्यायालयाने ठरवल्याशिवाय तो शब्द नको. ठीक; पण मग ‘चकमक’ तरी कुठल्या न्यायालयाने ठरवली होती? पहिल्या दिवशी आलेला शब्द पुराव्याशिवाय चालतो आणि नंतर आलेल्याकडे मात्र पुरावा मागितला जातो, हे मला अजून उलगडलेलं नाही. न्यूयॉर्कची एक संस्था १९९२ पासून मारल्या गेलेल्या पत्रकारांची यादी ठेवते. तिने हत्या, क्रॉसफायर आणि धोकादायक कामगिरी असे वेगवेगळे रकाने केलेत, ते काही हौसेने नाही.

‘क्रॉसफायर’ या शब्दाने आधीही घात केलाय. १६ ऑक्टोबर १९७५ ला पूर्व तिमोरमधल्या बालिबो गावात इंडोनेशियाच्या हल्ल्यावेळी ऑस्ट्रेलियन वाहिन्यांचे पाच जण मारले गेले. इंडोनेशियाची अधिकृत भाषा क्रॉसफायरचीच होती. ती बत्तीस वर्षं टिकली. २००७ मध्ये सिडनीतल्या न्यायिक चौकशीने निष्कर्ष काढला की त्यांना जाणूनबुजून मारलं होतं. त्यापुढच्या पोलीस तपासातून खटला काही उभा राहिला नाही. पुराव्याअभावी तो तपास २०१४ मध्ये थांबला. त्या पाचांना सर्रास ‘ऑस्ट्रेलियन पत्रकार’ म्हणतात, तेही अर्धवट: दोघं ब्रिटिश होते, एक न्यूझीलंडचा. वाहिनीचा देश माणसाला चिकटतो तो असा.

सैन्याबरोबर हिंडणाऱ्या वार्ताहराची परंपरा क्रिमियाच्या युद्धापासूनची, १८५४ च्या सुमाराची. ते सगळं इथे नको. कामाचं एवढंच: १९४९ च्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत रीतसर परवानगीने फिरणारा ‘युद्धवार्ताहर’ पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो, १९७७ च्या पुरवणी करारात धोकादायक कामगिरीवरचा पत्रकार नागरिकच मानला जातो. भारताने ही पुरवणी स्वीकारलेली नाही. २००३ च्या इराक युद्धापासून ‘एम्बेडेड’, म्हणजे सैन्याच्या तुकडीबरोबर राहून बातम्या देणारा, हा शब्द रुळला आणि गोंधळ वाढला, कारण मराठीत त्याचं ‘सैन्यात सामील’ असंही करून टाकतात. सिद्दीकी तुकडीबरोबर होता, तुकडीत नव्हता. नोंदीत ‘शहीद’ घालू नये असं मी म्हणतो ते याचसाठी, भावना दुखावतात हे माहीत असूनही.

आता तारीख. धंतोलीतल्या एका निवृत्त सहकाऱ्याकडे खाकी पाकिटात कात्रणं आहेत. त्यांच्यावर जांभळ्या शाईचा शिक्का, १७ जुलै २०२१. तो अंक छापल्याचा दिवस. आमच्या दुसऱ्या खर्ड्यात तोच मृत्यूदिन झाला होता. वृत्तसंस्थेने शुक्रवार म्हटलं, म्हणजे १६. दिल्लीतल्या अफगाण राजदूतांनी १६ लाच ट्वीट केलं, त्यात ‘काल रात्री’ होतं, म्हणजे १५. असाच पेच २००२ मध्ये कराचीत मारल्या गेलेल्या, मुंबईहून दक्षिण आशियाचं काम बघणाऱ्या डॅनियल पर्ल या अमेरिकन पत्रकाराच्या बाबतीत दिसतो. अपहरण २३ जानेवारीचं, हत्येची चित्रफीत समोर आली २१ फेब्रुवारीला, मृत्यूदिन म्हणून बहुतेक ठिकाणी १ फेब्रुवारी. कात्रणावरून नोंद करणारा फेब्रुवारीची एकवीस तारीख लिहून मोकळा होईल.

पुरस्काराची ओळ त्या मानाने सोपी, तरी चुकलीच. २०१८ चं पुलित्झर, हा पत्रकारितेचा अमेरिकन पुरस्कार, सिद्दीकीला एकट्याला नव्हे, वृत्तसंस्थेच्या छायाचित्र विभागाला मिळालं होतं. मरणोत्तर २०२२ मध्ये मिळालं ते तीन सहकाऱ्यांबरोबर.

सध्याच्या प्रुफात ‘मारला गेला’ आहे, आणि तारखेच्या जागी ‘१५ किंवा १६ जुलै’. एका सभासदाला ते ढिसाळ वाटतं. एकच तारीख धरा म्हणतात. गुरुवारी पुन्हा बसायचं आहे.