साक्ष देणे : मराठवाड्यातील दैनंदिन सुवार्ताप्रसार

ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास घरी, शेजारी, कामावर, बाजारात किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसून, बोलण्यातून आणि वागण्यातून दुसऱ्याला सांगणे, याला मराठी मंडळींत (चर्चच्या सभासदांत) ‘साक्ष देणे’ किंवा ‘सुवार्ता सांगणे’ म्हणतात. मांडवातल्या मोठ्या सभा, पगारी प्रचारक आणि उपासनेतले प्रवचन यांत ही प्रथा मोडत नाही. पाळकसाहेबांनी करावे ते वेगळे. हे मंडळीतल्या कुणीही करायचे असते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म जेवढा पसरला तेवढा मुख्यतः भावकी, सोयरीक आणि शेजार यांच्या आधाराने पसरला. तो जिथे थांबला, तिथेही याच गोष्टींनी थांबवला.

प्रथेला आधार नव्या कराराचा आहे. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही मत्तयाच्या २८ व्या अध्यायातली येशूची आज्ञा सर्वांत जास्त सांगितली जाते. रोजच्या साक्षीला मात्र मार्काच्या ५ व्या अध्यायातला प्रसंग अधिक जवळचा आहे. भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर जाऊ पाहतो, आणि येशू त्याला सोबत न घेता आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जाऊन काय घडले ते सांगायला लावतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात, तुमच्या आशेचे कारण कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, अशी अट घातलेली आहे. ही अट पुष्कळदा विसरली जाते.

इतिहास

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथले सुरुवातीचे बरेच ख्रिस्ती लोक लष्करी होते. हैदराबाद कंटिंजंट या, निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) इथे होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी झालेल्या छावणीतल्या उपासनेशी आसपासच्या खेड्यांचा फारसा संबंध नव्हता.

खेड्यांशी संबंध आला तो नारायण शेषाद्रींमुळे. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि अल्पवयीन मुलगा म्हणून त्याचा ताबा त्यांना परत मिळाला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. एका घरातल्या दोन भावांची ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवली आहे. सुवार्ता घरात शिरली की पहिला तंटा देवाविषयी होत नाही. जेवायला पंक्तीत कोण बसणार यावरून होतो. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत यात फार बदल झालेला नाही.

नारायण शेषाद्रींनी पुढे जालना हे कार्यक्षेत्र निवडले आणि सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले होते. गावात राहून बहिष्कार सोसण्यापेक्षा वेगळे गाव वसवावे, हा त्यामागचा विचार. त्या काळी तो समजण्यासारखा होता, पण त्याची किंमतही होती. वेगळ्या गावात शेजारी ख्रिस्तीच असतात, मग साक्ष द्यायची कुणाला? बेथेलपेक्षा पुढची वाढ जुन्या वस्त्यांत राहिलेल्या कुटुंबांनी जास्त केली, ती यामुळेच असावी.

औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचे काम दीर्घकाळ रतनजी नवरोजी या मूळ पारशी धर्मगुरूंनी सांभाळले. म्हणजे जालना आणि औरंगाबाद या दोन्ही ठिकाणी कामाची धुरा देशी माणसांकडे होती. ‘गोऱ्यांनी आणलेला धर्म’ या सरधोपट वर्णनात ही गोष्ट बसत नाही. पश्चिमेकडून, गोदावरी ओलांडून, १८३१ पासून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) असलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा प्रभाव येत राहिला. वैजापूर-गंगापूर भागातल्या लोकांच्या सोयरिकी नदीपलीकडे असल्याने ते स्वाभाविकच होते. याच भागात घोगरगाव हे कॅथलिक कामाचे केंद्र बनले. तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर गुरियन जाकिए यांचे नाव ख्रिस्ती नसलेले गावकरीही आदराने घेतात. जालन्याचे मिशन हॉस्पिटल जिल्ह्याबाहेरच्या रुग्णांनाही माहीत होते.

१९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मराठवाड्यातल्या महार समाजाने जवळजवळ एकमुखाने ती वाट धरली. ज्या वस्तीत मिशनऱ्यांनी शाळा काढल्या होत्या, तिथे आता पंचशील ध्वज लागले. त्यानंतर सुवार्तेचे काम प्रामुख्याने मातंग वस्त्यांत आणि पुढे शहरांच्या नव्या वसाहतींत चालू राहिले. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन अनेक जुनी मिशने तिच्यात विलीन झाली. १९७७ मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. गेल्या काही दशकांत वाढल्या त्या मात्र पेंटेकॉस्टल वळणाच्या (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर आणि प्रार्थनेने बरे होण्यावर भर देणाऱ्या) स्वतंत्र मंडळ्या: एक पास्टर, एक भाड्याची खोली, एक माइक.

संख्या मुळातच लहान आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे १ टक्क्याहून किंचित कमी होते, आणि त्यांतला मोठा भाग मुंबई, ठाणे, पालघर, पुणे या पट्ट्यातला.

साक्ष कशी दिली जाते

सुरुवात बहुधा दुखण्यातून होते. शेजारणीच्या नातवाचा ताप उतरत नाही, दवाखाना झालेला असतो, देवऋषीही झालेला असतो. ख्रिस्ती बाई दाराशी येऊन विचारते, “मावशी, लेकरासाठी प्रार्थना करू का?” मावशी सहसा नको म्हणत नाही, कुणाच्या का देवाने होईना, लेकरू उठावे. बाई पदर डोक्यावर घेते, लेकराच्या कपाळावर हात ठेवते आणि चारदोन वाक्यांची प्रार्थना करून, चहा घेऊन निघून जाते. पुस्तक नाही, पत्रक नाही. आठ दिवसांनी ती पुन्हा विचारपूस करायला येते. अनुभवी पाळकांच्या मते खरी साक्ष या दुसऱ्या फेरीत असते, कारण पहिल्या वेळी माणूस धर्म सांगायला आला की माणुसकीने आला, हे कळत नाही.

पुढची पायरी घरसभेची. संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरतात, चपला उंबऱ्याबाहेर पडतात. ढोलकी, खंजिरी आणि टाळ असतात. पेटी असली तर भाग्य. दोन-तीन गाणी, एक वाचन, मग ‘कुणाला साक्ष द्यायची आहे का?’ असे विचारले जाते. साक्षीची घडण ठरलेली असते. आधी मी कसा होतो (दारू, सावकार, करणीची भीती), मग काय आडवे आले, कुणी माझ्यासाठी गुडघे टेकले आणि आता घरात काय बदलले. ऐकणारे सांगणाऱ्याला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे खोटे खपत नाही. नवऱ्याने दारू सोडली असे बाईने सांगितले आणि तो परवाच गुत्त्यावर दिसला असला, तर मागून कुणीतरी खाकरते.

बीड, जालना भागातल्या ऊसतोड कुटुंबांत हे वेळापत्रक दिवाळीनंतर कोलमडते. माणसे कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात, खोल्यांना कुलपे लागतात, आणि गावात म्हातारी माणसे व शाळेची मुले घेऊन घरसभा कशीबशी चालते. टोळ्या परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो.

मिशनच्या काळात हे काम करणाऱ्या पगारी माणसांचीही एक पायरी होती: कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारा), शाळामास्तर आणि बायबलबाई. त्यांतली बायबलबाई सर्वांत दुर्लक्षित राहिली. पुरुष प्रचारकाला ओसरीच्या पुढे मज्जाव होता तिथे ती माजघरात जाऊन बसे, वाचायला शिकवी, बाळंतिणीची चौकशी करी. मंडळ्यांच्या इतिहासात साहेबांचे फोटो सापडतात, बायबलबाईचे बहुधा नावही नाही. तिच्याखेरीज बिनपगारी साक्ष दिली ती सासरी गेलेल्या लेकींनी. ख्रिस्ती घरातली मुलगी हिंदू नात्यात पडली की तिच्या ट्रंकेतून एक बायबल आणि गाण्यांचे पुस्तक त्या घरात जाई.

नाताळ ही साक्षीची सर्वांत सोपी वेळ. अंगणात कागदी चांदणी लागते, घरात करंज्या, लाडू, चिवडा होतो, आणि फराळाची ताटे झाकून शेजारी पोहोचवली जातात. दिवाळीत आलेल्या ताटाची ती परतफेडही असते. कॅरोलची टोळी ख्रिस्ती घरांबरोबर बोलावतील त्या इतर घरांपुढेही गाते.

अवघड वेळाही ठरलेल्या. भावकीत कंदुरी आहे, बकरे पडणार आहे, जेवायला जायचे की नाही? घरातल्या लग्नात जागरण-गोंधळ घातला तर वाटणी द्यायची का? देवाचा अंगारा हातावर ठेवला तर काय करायचे? काही पास्टर अशा सर्व गोष्टींना सरसकट नाही म्हणायला शिकवतात. जुन्या मंडळ्यांतले लोक बहुधा लग्नाला जातात, राबतात, आहेर करतात आणि पूजेच्या वेळी बाजूला उभे राहतात. दुसरी रीत बोटचेपी आहे अशी टीका होते. पण भावकी तोडून बसलेल्या माणसाचे ऐकायला पुन्हा कुणी त्याच्या दारात येत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

गाणे आणि कीर्तन

मराठवाडा सप्ताहांचा आणि दिंड्यांचा मुलूख आहे. पैठणच्या नाथांपासून चालत आलेल्या या श्रवणाच्या सवयीला इंग्रजी चालीची भाषांतरित स्तोत्रे मानवली नाहीत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा घाट उचलला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची पदे रचून भजनाला मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांची पदे आजही मराठवाड्याच्या उपासनांत म्हटली जातात.

ख्रिस्ती कीर्तनात पूर्वरंगाला बायबलमधले वचन निरूपणासाठी घेतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात: योसेफ, चांगला शोमरोनी किंवा उधळ्या पुत्र. शेतकरी श्रोत्यांपुढे उधळ्या पुत्र हमखास रंगतो. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो, एवढे म्हणताच बसलेल्यांच्या माना हलतात. मग कीर्तनकार बांध घालतो, मोजणी आणतो, थोरल्याला तलाठ्याच्या दारात उभे करतो. मूळ दृष्टान्तात यातले काही नाही. वाटणी विकून खाल्लेला पोरगा परत येतो आणि म्हातारा काठी टाकून पळत सुटतो, तिथे ढोलकी थांबते. पुढचे निरूपण लांबवणारा कीर्तनकार कच्चा समजावा.

आता ही जागा मोठ्या प्रमाणात कीबोर्ड, स्पीकर आणि यूट्यूबवरच्या हिंदी-मराठी गाण्यांनी घेतली आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचनाचे चित्र पाठवणे ही साक्षीची सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत कमी वाचली जाणारी रीत.

जात, कायदा आणि वाद

मराठवाड्यात सुवार्ता नात्यातून पसरली आणि नाते जातीत असते. त्यामुळे एका वस्तीत दहा घरे ख्रिस्ती झाली तरी वेशीच्या आतल्या वाड्यांना तो ‘त्या वस्तीचा धर्म’ वाटत राहिला. मंडळीच्या आतही महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती असा भेद लग्नाच्या वेळी डोके वर काढतो. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा १९ व्या शतकातल्या दुष्काळांपासून चिकटलेला आहे. दुष्काळात मिशनने अन्न, काम आणि अनाथांना आसरा दिला हे खरे, आणि अशा वेळी आलेल्यांतले काही पुढे सोडून गेले हेही खरे. मात्र ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याने पोटाबरोबर मानासाठीही दार बदलले असेल, हे टोमणा मारणारे लक्षात घेत नाहीत.

राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. शेजाऱ्याला आपला अनुभव सांगणे आणि जबरदस्तीने किंवा फसवून धर्म बदलायला लावणे, यांतली रेषा कागदावर ठळक आहे. प्रार्थनासभेच्या दाराशी जमाव आला की ती पुसट होते. आजार बरे करण्याचे जाहीर दावे करणाऱ्यांना १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यांचेही भान ठेवावे लागते. औषध बंद करायला सांगणाऱ्या पास्टरांमुळे सबंध साक्षीचे नाव खराब होते, अशी तक्रार ख्रिस्ती मंडळींतच ऐकू येते आणि ती रास्त आहे.

सर्वांत खोल परिणाम मात्र १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा. त्यानुसार हिंदू आणि पुढे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) दलितांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्याचा जातो. पोराच्या शिष्यवृत्तीचा, नोकरीचा, सरपंचपदाच्या राखीव जागेचा प्रश्न असल्याने पुष्कळ कुटुंबे मनाने आणि उपासनेने ख्रिस्ती पण दाखल्यावर हिंदू मातंग अशी राहतात. दर रविवारी मंडळीत येणारे, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणारे, पण बाप्तिस्मा न घेतलेले असे विश्वासी अनेक मंडळ्यांत आहेत. अशा माणसाने शेजाऱ्याला साक्ष द्यायची तर आधी स्वतःचे नाव कुठल्या रकान्यात आहे हे झाकावे लागते. यावर काही पाळक बाप्तिस्म्याचा आग्रह धरतात, काही गप्प राहतात. वाळूज, बजाजनगरसारख्या औद्योगिक वसाहतींत खोली करून राहणाऱ्या तरुणांना हा पेच थोडा सैल वाटतो: तिथे भावकी लांब असते, शेजारी परजिल्ह्यातला असतो, आणि शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला कोण कुणाचा कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. गावाकडे सुट्टीवर गेल्यावर ते बायबल बॅगेत ठेवतात की फळीवर, हे प्रत्येक घरागणिक वेगळे.