जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह

बाजारातून बाद झालेले गेम कन्सोल, त्यांच्या कॅसेटी आणि डिस्क, खोकी, माहितीपुस्तिका व जोडउपकरणे जमवण्याचा, ती दुरुस्त करून चालू ठेवण्याचा आणि त्यांची देवघेव करण्याचा छंद. अटारी २६०० (१९७७) पासून साधारण प्लेस्टेशन २ (२०००) पर्यंतची यंत्रे या छंदाच्या केंद्रस्थानी असली, तरी दरवर्षी ही हद्द थोडी पुढे सरकते. संग्राहकांमध्ये ढोबळमानाने दोन पंथ आहेत. एकाला जुना गेम जुन्याच यंत्रावर खेळायचा असतो. दुसऱ्याला खोक्यावरचे प्लास्टिक कधीच फोडायचे नसते. दोघे एकाच बाजारात खरेदी करतात, पण एकमेकांचे त्यांना फारसे पटत नाही.

या छंदाला पिढीचे गणित आहे. लहानपणी ज्यांना घरी कन्सोल मिळाला नाही, किंवा मिळालेला परीक्षेच्या धास्तीने माळ्यावर गेला, ती मुले कमावती झाली की त्या त्या काळातल्या वस्तूंची मागणी वाढते. अटारी, मग निन्टेन्डो, मग प्लेस्टेशन अशी ही लाट सरकत आलेली दिसते. कंपन्यांनीही ती ओळखली. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या एनईएस या जुन्या कन्सोलची तळहातावर मावणारी प्रतिकृती ३० गेम भरून काढली, तेव्हा ती दुकानांत टिकेना आणि चढ्या भावाने परत विकली जाऊ लागली. सोनी व सेगा यांनी पुढच्या काही वर्षांत तोच कित्ता गिरवला.

दुर्मिळता आणि खेळाचा दर्जा यांचा संबंध बहुधा उलटाच असतो. लोकप्रिय गेमच्या लाखो प्रती खपतात, म्हणून त्या आजही स्वस्त मिळतात. जो खपला नाही, उशिरा आला किंवा कंपनीने परत मागवला, तोच महाग होतो. बान्डाईचा ‘स्टेडियम इव्हेंट्स’ (१९८७) हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. पायाखाली चटई अंथरून तिच्यावर धावत खेळायचा हा गेम. ती चटई आणि तिचे हक्क निन्टेन्डोने घेतले आणि १९८८ मध्ये हाच गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा काढला. नव्या नावाची कॅसेट किरकोळ भावात मिळते. जुन्या नावाची अमेरिकी प्रत मात्र एनईएस संग्राहकांच्या यादीत अगदी वर असते. आतला खेळ एकच.

नुसत्या अपयशानेही भागत नाही, याला साक्षीदार अटारीचा ‘ई.टी.’ हा गेम. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी तो जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला, १९८२च्या नाताळासाठी लाखोंच्या संख्येने कॅसेटी बनल्या आणि पडून राहिल्या. १९८३च्या सप्टेंबरमध्ये अटारीने न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत रिकामे केले. ही दंतकथाच असावी असे अनेकांना वाटे. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे खोदकाम झाले आणि सुमारे १,३०० कॅसेटी वर आल्या. त्यातली एक आज स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेकडे आहे. आठशेहून अधिक कॅसेटींच्या लिलावातून एक लाख डॉलरवर रक्कम उभी राहिली. गंमत अशी की न पुरलेली ‘ई.टी.’ची कॅसेट कोणालाही चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळू शकते. मोल आले ते मातीला आणि सोबतच्या प्रमाणपत्राला.

संग्राहकांचे खरे दैवत म्हणजे ‘निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ची १९९० सालची कॅसेट. अमेरिकेतील शहरोशहरी झालेल्या स्पर्धेसाठी ती तयार केली होती. ६ मिनिटे २१ सेकंदांत आधी मारिओची ५० नाणी, मग ‘रॅड रेसर’ची शर्यत आणि उरलेल्या वेळात टेट्रिस, असा तिचा क्रम. वेळ ठरवणारी बारीक बटणे कॅसेटच्या दर्शनी भागातच उघडी ठेवलेली आहेत. करड्या रंगाच्या ९० प्रती अंतिम स्पर्धकांना मिळाल्या आणि सोनेरी रंगाच्या २६ प्रती कंपनीच्या मासिकातील सोडतीत गेल्या. करड्या प्रतींपैकी काहींवर लेबलही नाही, कुणीतरी पेनाने नाव खरडलेले आहे; तसली प्रतही हजारो डॉलरना जाते.

हा बाजार २०२० पर्यंत छंदिष्टांपुरता होता. टाळेबंदीच्या काळात त्यात गुंतवणूकदार उतरले. वाटा नावाची कंपनी गेमची प्रत तपासून तिला दहापैकी गुण आणि प्लास्टिकच्या वेष्टनाला वेगळी श्रेणी देऊन ती पारदर्शक पेटीत बंद करी. अशा पेट्या हेरिटेज या लिलावगृहातून विकल्या जाऊ लागल्या. एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत ६ लाख ६० हजार डॉलरना गेली. जुलैत ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ला ८ लाख ७० हजार आले आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ने १५ लाख ६० हजारांवर उडी मारली. ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्याच आणखी एका प्रतीचा सौदा २० लाखांना झाला. यातला ‘मारिओ ६४’चा आकडा विशेष बोलका आहे. या गेमच्या जगभरात एक कोटी वीस लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. तो कोणत्याही अर्थाने दुर्मिळ नव्हता. दुर्मिळ होती ती न चुरगळलेली झिल्ली. भाव संगनमताने फुगवल्याचे आरोप त्याच वर्षी जाहीरपणे झाले, संबंधितांनी ते फेटाळले आणि २०२२ मध्ये प्रकरण अमेरिकी न्यायालयात गेले. त्यानंतर बाजार बराच निवळला. झिल्ली जपणाऱ्यांना संग्राहक म्हणावे की सटोडिये, हा वाद अजून मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शब्दाकडे आहे.

खेळण्यासाठी संग्रह करणाऱ्याचा बहुतेक वेळ मात्र दुरुस्तीत जातो. कॅसेटमधली गेम साठवलेली रॉम चिप सहसा दगा देत नाही. आधी जाते ती बॅटरी. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या सोनेरी ‘झेल्डा’त अर्धवट खेळ साठवण्यासाठी तिथे प्रथमच बॅटरीवर जागी राहणारी स्मृती दिली गेली. ही बॅटरी म्हणजे घड्याळात किंवा वजनकाट्यात असते तसली चपटी गोल टिकली, पण तिला पत्र्याचे दोन कान डकवलेले असतात आणि ते बोर्डावर झाळलेले असतात. पंधरा-वीस वर्षांनी ती संपली की गेम चालतो, पण कालचा खेळ आज सापडत नाही. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये (१९९९) खरे घड्याळ चालू असते, त्यामुळे त्यांच्या बॅटऱ्या लवकर गेल्या. बदलण्यासाठी कॅसेट उघडावी लागते आणि तिचे स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. जुनी टिकली काढताच उरलासुरला खेळही पुसला जातो. एखाद्या अनोळखी मुलाने १९९० मध्ये अर्ध्यावर सोडलेला प्रवास त्यात असतो, म्हणून काही जण आधी तो संगणकावर उतरवून घेतात.

करडे प्लास्टिक पिवळे पडते, कारण आग लागू नये म्हणून एबीएस प्लास्टिकमध्ये मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये ऊन आणि उष्णता यांनी बिघडतात. एकाच कन्सोलचे वरचे कवच पिवळे आणि खालचे स्वच्छ, असेही दिसते. दोन्ही वेगळ्या घाण्यांतून निघालेली असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची युक्ती २००८ च्या सुमारास पसरली. रंग उतरतो, पण अनेकदा काही काळाने पिवळेपणा परततो.

कॅसेट चालेना की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, ही जगभरच्या मुलांना कोणी न शिकवता आलेली विद्या. तिचा उपयोग जवळजवळ नव्हता. फुंकरीतला ओलावा पट्ट्यांना गंजवतो. काम होई ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. अमेरिकी एनईएसचा लाल दिवा लुकलुकत राही तो वेगळ्या कारणाने. आतली पहारेकरी चिप कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत बोलत असे आणि ७२ पिनांच्या सैल पडलेल्या सॉकेटमुळे हे बोलणे तुटले की यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होई.

एनईएसच्या जपानी आवृत्तीत, म्हणजे फॅमिकॉममध्ये (१९८३), हा पहारेकरी नव्हता. त्याच्या कॅसेटीला ६० पिना होत्या आणि कोणीही बनवलेली कॅसेट तो मुकाट्याने चालवी. भारताचा बालपणीचा व्हिडिओ गेम या एका मोकळ्या दारातून आला. तैवान व चीनमध्ये फॅमिकॉमच्या नकला (क्लोन) निघाल्या. त्यांतूनच रशियात ‘डेन्डी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’ आणि आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ ही नावे घरोघरी पोचली. महाराष्ट्रात यंत्राला सरसकट ‘व्हिडिओ गेम’, कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून गेमची वायर खोचायची आणि मुंग्यांतून चित्र दिसेपर्यंत चॅनेल फिरवायचे, हा सगळा विधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र दिवसाच्या भाड्याने आणून भावंडांत पाळ्या लावल्या जात. अधिकृत कन्सोल आले नाहीत असे नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेसने सेगाची यंत्रे भारतात आणली होती. पण मध्यमवर्गीय घराला परवडला तो क्लोनच.

क्लोनच्या कॅसेटींवर ‘९९९९९ इन १’ असे छापलेले असे. यादी कितीही खाली सरकवली तरी खरे गेम मूठभरच निघत. बाकी नोंदी म्हणजे तोच ‘कॉन्ट्रा’ वेगळ्या बंदुकीने किंवा तोच मारिओ मधल्याच टप्प्यापासून. मूळ ‘कॉन्ट्रा’त ३० जीव मिळवण्यासाठी वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए असा मंत्र पाठ करावा लागे, अशा कॅसेटीत तो आयताच भरलेला असे. पाश्चात्त्य संग्राहकांच्या हिशेबी ही सगळी बनावट चीजवस्तू. तरीही पुण्या-नागपुरात वाढलेल्या माणसाची ओढ नेमकी तिच्याकडे असते, खऱ्या एनईएसकडे नव्हे. तो त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

व्हिडिओ गेम पार्लरची आठवण याला समांतर आहे. कॅपकॉमच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) या गेमला भारतभर त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणत आणि मूळ नाव अनेकांना मोठेपणीच कळले. त्या यंत्रांचे बोर्ड जमवणारे आज आहेत, पण लाकडी पेटी ठेवायला मुंबईच्या घरात जागा कुठून आणणार?

बंदुकीचे गेम तर जुन्या टीव्हीशिवाय चालतच नाहीत. ‘डक हंट’मध्ये घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो दिसतो का ते बघतो. हा हिशेब पिक्चर ट्यूबच्या गतीवर बेतलेला आहे. एलसीडीवर चित्र किंचित उशिरा येते, म्हणून नेम अचूक असूनही बदक उडून जाते. त्यामुळे भंगारात किलोवर जाणारा डबा टीव्ही काही घरांत पुन्हा मानाने बसला आहे.

जतनाची बाजू प्रताधिकाराच्या कायद्यात अडकते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कोणत्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत. उरतात ती संग्राहकांची कपाटे आणि इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारी सॉफ्टवेअर. पार्लरमधल्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा ‘मेम’ हा प्रकल्प निकोला सॅल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केला तो जतनाच्याच उद्देशाने. त्यावर फुकटात खेळणाऱ्यांची गर्दी झाली हा पुढचा भाग. भारतीय निर्मितीही आता या यादीत आली आहे. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ (२००९) खेळ म्हणून सामान्य होता, पण खोक्यासकट प्रत दिसली तर सोडू नये.

मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे अजूनही क्लोन व सुट्या कॅसेटी हाती लागतात. क्लोन आजही नवे बनत असल्याने वय ओळखणे हेच कौशल्य. तळाचे स्क्रू काढून आत पाहिले की जुन्या यंत्रात पायांच्या दोन रांगा असलेल्या वेगवेगळ्या चिपा दिसतात; नंतरच्यांत हे सगळे एका चिपमध्ये कोंबून तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा गोळा थापलेला असतो. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटी घेताना पिनांच्या वर बोर्डावर ‘निन्टेन्डो’ हे नाव आहे का आणि लेबलवर दोन आकड्यांचा पुसट ठसा उमटलेला आहे का, एवढे उजेडात तिरके धरून बघावे. विक्रेता खोलू देत नसेल, तर भाव पाडून मागावा.