सॅनफर्ड, टेरी

(२० ऑगस्ट १९१७ – १८ एप्रिल १९९८). अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचे गव्हर्नर (१९६१–६५), ड्यूक विद्यापीठाचे अध्यक्ष (१९७०–८५) आणि पुढे सिनेटर. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, त्यामुळे त्याचे काम आपल्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या कामाच्या जवळचे असते. विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे साधारण आपला कुलगुरू.

जन्म लॉरिनबर्ग या लहान गावी. आई शिक्षिका, वडिलांचे हार्डवेअरचे दुकान महामंदीत बुडाले. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते काही काळ एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेत होते. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक म्हणून ते इटली व फ्रान्समध्ये लढले. परतल्यावर कायद्याची पदवी घेऊन त्यांनी फेएटव्हिल येथे वकिली सुरू केली.

१९६० मध्ये गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर बेव्हर्ली लेक हे वर्णविभाजनाचे कट्टर पुरस्कर्ते उभे होते. सॅनफर्ड यांनी वर्णभेदावरची खडाजंगी टाळून प्रचाराचा सगळा भर शाळांवर ठेवला आणि ते जिंकले. ही टाळाटाळ कुणाला सावधपणाची वाटेल. पण राजधानी रॅलीमध्ये राहायला आल्यावर त्यांनी आपली मुले ज्या सरकारी शाळेत घातली, तिथे नुकताच एका कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश मिळाला होता आणि त्या शाळेत तो एकटाच होता. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी नोकऱ्यांमधला वर्णभेद संपवण्याचे जाहीर आवाहन केले. दक्षिणेतले काही गव्हर्नर तेव्हा नेमक्या उलट घोषणा देत होते.

शाळांसाठी पैसा कुठून आणायचा, हा खरा पेच होता. १९६१ मध्ये त्यांनी ३ टक्के विक्रीकराची सूट काढून घेतली आणि तो खाद्यपदार्थांवरही लावला. पीठ-दुधावरचा कर गरिबालाच जास्त बोचतो, त्यामुळे लोक चिडले आणि या कराला सॅनफर्ड यांचेच नाव चिकटले. कर घेतल्याशिवाय गरिबाच्या मुलाला चांगला शिक्षक मिळणार नाही, हे त्यांनी गावोगावी जाऊन सांगितले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत धैर्याचा निर्णय हाच, असे म्हणावे लागते. त्याचा भार मात्र ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांच्यावरही पडला.

त्या काळी तिथल्या गव्हर्नरला सलग दुसऱ्यांदा उभे राहता येत नसे आणि विधिमंडळाने केलेला कायदा अडवण्याचा नकाराधिकारही नव्हता. साम्यवाद्यांना सरकारी विद्यापीठांत भाषणबंदी करणारा १९६३चा कायदा त्यांना नापसंत असूनही रोखता आला नाही. म्हणूनच त्यांनी विधिमंडळाबाहेरची वाट शोधली. फोर्ड फाउंडेशन या खासगी देणगीदार संस्थेच्या ७० लाख डॉलरच्या आधारे ‘नॉर्थ कॅरोलायना फंड’ उभा राहिला. दारिद्र्यनिवारणाचा हा प्रयोग राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या योजनेआधीचा होता. त्याच वर्षी राज्यातील कम्युनिटी कॉलेजांची (स्थानिक लोकांसाठीच्या, कमी खर्चाच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांची) व्यवस्था आणि विन्स्टन-सेलम येथील कला विद्यालय यांना कायद्याने आकार मिळाला. आज त्या व्यवस्थेत ५८ महाविद्यालये आहेत.

ड्यूकमध्ये ते आले तेव्हा परिसर धगधगत होता. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली होती, आणि मे १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा संताप उसळला. बळाचा वापर करण्याऐवजी ते विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बोलत. १९८४ मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात विद्यार्थ्यांनी फारच असभ्य वर्तन केले, तेव्हा त्यांनी काकाच्या नात्याने पत्र लिहून ‘अंकल टेरी’ अशी सही केली. पुढच्या सामन्याला पोरे डोक्यावर देवदूतांची प्रभावळ लावून आली आणि पंचांना शिव्यांऐवजी ‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत’ असे ओरडू लागली. १९८१ मध्ये वॉटरगेट प्रकरणामुळे राजीनामा द्यावा लागलेले माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे ग्रंथालय ड्यूकमध्ये आणण्याचा त्यांचा बेत मात्र प्राध्यापकांच्या विरोधामुळे फसला. ड्यूकचेच माजी विद्यार्थी असले, तरी निक्सन यांच्या स्मारकाला जागा देणे प्राध्यापकांना मान्य नव्हते.

१९७२ व १९७६ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी केलेले प्रयत्न फोल ठरले. १९८६ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. १९९२ मध्ये एकेकाळचे सहकारी लॉच फेअरक्लॉथ यांच्याकडून हरले. डरहॅम येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ड्यूकच्या चॅपलखालच्या तळघरात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली सार्वजनिक धोरणाची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.