हिरड्यांच्या शस्त्रक्रिया

दाताला धरून ठेवणारी हिरडी, तंतू आणि जबड्याचे हाड यांवर रोग, झीज किंवा अवाजवी वाढ यांमुळे कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया. त्यांचे सर्वांत मोठे कारण पायोरिया हे होय. दातांवर साचलेला जंतूंचा थर कडक होऊन त्याचे किटण बनते, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि दोहोंमध्ये फट पडते. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक, बोथट सळईने ही फट दातागणिक सहा ठिकाणी मोजतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिमी. भरते. किटण काढून मुळे गुळगुळीत केल्यावरही काही आठवड्यांनी ती ५ मिमी. किंवा अधिक उरली व रक्त येत राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

कोकणात मशेरी लावण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमध्ये, जुनी आहे. तंबाखूतील निकोटिनमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त येण्याची पूर्वसूचनाच दबून जाते आणि मशेरीने हिरड्या घट्ट राहतात असा समज पक्का होतो. दवाखाना गाठला जातो तो बहुधा दात हलू लागल्यावर.

पायोरियासाठी बहुधा ‘फ्लॅप’ शस्त्रक्रिया करतात. जागेपुरती भूल देऊन हिरडी दाताच्या कडेने कापून उचलतात, उघड्या पडलेल्या मुळांवरचे किटण व रोगट ऊती नजरेसमोर खरवडून काढतात आणि हिरडी टाके घालून पुन्हा बसवतात. हाडात खोल, कोनाकार खड्डा पडला असल्यास त्यात हाडाची पूड भरून वर पातळ पडदा बसवता येतो. मात्र हाड सरसकट सपाट झिजलेले असेल, तर ते परत येत नाही, हे रोग्याला आधीच सांगितलेले बरे.

फिटचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे निफेडिपीन किंवा अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांमुळे हिरडी फोफावल्यास जादा भाग छाटतात. औषध बदलता येते का, हे मूळ डॉक्टरांना आधी विचारतात. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असल्यास टाळूतील ऊतीचा तुकडा तेथे शिवतात. या रोपणात दाताच्या जागेपेक्षा टाळूची जखमच अधिक दुखते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रोग्याने परस्पर बंद करू नयेत. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणूनच दिवस ठरवतात. गणपतीला चार दिवस आलेल्या चाकरमान्याने ही शस्त्रक्रिया गावी उरकणे सोयीचे नाही, कारण टाके ७ ते १० दिवसांनी काढतात.

पहिल्या २४ तासांत जोराने चूळ भरणे, थुंकणे व नळीने ओढून पिणे टाळावे, कारण जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी त्याने सुटते. रक्त वाहू लागल्यास ओल्या गॉजने २० मिनिटे सलग दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. त्यानंतरही ती वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर थांबू नये. कोमट पेज, मऊभात, ताक चालते. तिखट कालवण, आंबट सोलकढी, कुरमुरे व सुका जवळा काही दिवस वर्ज्य. मासा खायचाच तर काटे पूर्ण काढलेला, तोही दुसऱ्या बाजूने. जखमेच्या जागी ब्रश न लावता ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने सकाळ-संध्याकाळ हलकेच गुळण्या कराव्यात. त्याने दातांवर पडणारे तपकिरी डाग नंतर साफ करता येतात. मशेरी, विडी व गुटखा यांनी जखम भरण्यास अडथळा होतो, त्यामुळे त्या निदान या काळात तरी पूर्ण बंद हव्यात.

हिरडीचा पृष्ठभाग एक-दोन आठवड्यांत भरतो, आतील ऊती पक्व होण्यास महिने लागतात आणि भरलेल्या हाडासाठी सहा महिने किंवा अधिक. सूज ओसरल्यावर दात लांब दिसतात व त्यांना गार पाणी झोंबते. झोंबणे बहुतेकांत हळूहळू कमी होते. फट पुन्हा पडते आहे का हे पाहण्यासाठी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी व सफाई करतात.