हैस : बगदादची खजुराची शिदोरी

पुडा हातात घेतला की बहुतेक जण विचारतात, "हा खजूर रोलच ना?" नाही. खजूर रोल घरी ताजा खायचा. हैस बरोबर न्यायची वस्तू आहे आणि ती त्याच हिशोबाने केलेली असते. म्हणूनच ती थोडी कोरडी, थोडी रवाळ लागते.

पदार्थ अरबांचा, फार जुना. 'हैस' म्हणजे कालवलेले. मुळात खजूर, वाळवलेले दही आणि तूप कालवून तो होई. आम्ही करतो ते त्यानंतरचे, बगदादचे रूप. मुहम्मद बिन अल-हसन अल-बगदादी यांनी १२२६ साली लिहिलेल्या 'किताब अल-तबीख' या पाककृतींच्या पुस्तकात ते आहे आणि प्रवाशांसाठी हे उत्तम, असेही तिथे सांगितले आहे. त्या काळी इराकातून हजला जाणारे लोक कूफ्याहून मक्केला निघत. वाट हजार किलोमीटरच्या वर, बरीचशी वाळवंटातून. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याची बेगम जुबैदा हिने या वाटेवर विहिरी आणि पाण्याची टाकी बांधवली, म्हणून ती वाट तिच्याच नावाने ओळखली जाते. तरीही पाणी जपून वापरायचे आणि सरपण मिळेल याचा भरवसा नाही. अशा वाटेवर चूल न पेटवता खाता येईल असा घास हवा. पुढे १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, पण या पुस्तकाचे हस्तलिखित इस्तंबूलला टिकले आणि १९३४ साली मोसुलमध्ये छापले गेले. नाहीतर ही कृती आमच्यापर्यंत आलीच नसती.

प्रमाण त्यांचेच, फक्त ग्रॅममध्ये. त्यांचे वजनाचे माप रतल; तो सुमारे ४०० ग्रॅमचा धरला, तर ४०० ग्रॅम कडक वाळवलेल्या रोटाचा चुरा, ३०० ग्रॅम बिया काढलेला खजूर, बदाम आणि पिस्ते दळून मिळून १०० ग्रॅम, आणि गरम केलेले तिळाचे तेल साधारण ६५ ग्रॅम. तेलाऐवजी तूप चालेल, असे मूळ कृतीतच आहे. सगळे हाताने मळायचे, गोळे वळायचे, पिठीसाखरेत घोळवायचे. झाले.

घरी करणार असाल तर एकच गोष्ट सांभाळा. मळताना गोळा फुटतो, आणि फुटला की हात आपोआप दुधाच्या वाटीकडे जातो. दूध नको, पाणीही नको. हैस टिकते ती तिच्यात ओल नसल्यामुळे. खजुरात साखर इतकी दाट असते की उरलेले पाणी ती धरून ठेवते आणि बुरशीला हाती लागू देत नाही. रोट आधीच सुकलेला असतो. त्यात चमचाभर दूध गेले की हिशोब बिघडला. आपल्याकडे दशमी दुधात भिजवतात ती पाणी टाळण्यासाठीच, पण दशमी तव्यावर भाजली जाते. हैस मळल्यावर आचेवर जात नाही. गोळा फुटत असेल तर आणखी चार खजूर घाला आणि आणखी दहा मिनिटे मळा. खजूर मऊ घ्या. खारीक इथे उपयोगाची नाही.

तिळाचे तेल आम्ही मुद्दाम निवडले. तिळातच असे घटक आहेत की हे तेल लवकर खवट होत नाही. तुपाची हैस चवीला जास्त छान, हे मान्य. पण उन्हात पिशवीत दिवस काढायचे असतील तर आम्ही तेलाचीच न्यायला सांगू.

बाजारच्या टोस्टमध्ये साखर आणि वनस्पती तूप असते, म्हणून रोट आम्ही स्वतः भाजतो, दोनदा. वरची साखर मात्र मूळ पद्धतीपेक्षा कमी लावतो. खजूर पुरेसा गोड असतो.

पहिल्या वर्षी आम्ही जुलैतही हैस केली. हवेतली ओल साखरेने ओढून घेतली, गोळे चिकट झाले आणि तो सगळा घाणा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून पावसाळ्यात हैस बंद. पावसाळी ट्रेकसाठी कोणी मागितली तरी आम्ही नाहीच म्हणतो, कृपया राग मानू नका.

पुडा उघडल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ओल्या हाताने गोळा काढू नका. फ्रिजची गरज नाही; बाहेर काढल्यावर गोळ्यांवर दव धरते, तेच नको. खाताना बरोबर पाणी असू द्या, कारण घास कोरडा आहे. चढावर दोन गोळे पुरतात, असा आमचा अनुभव.

खजूर उपासाला चालतो, म्हणून हैसही चालेल असे समजून पुष्कळ जण नेतात. चालणार नाही, यात गहू आहे. गहू, बदाम, पिस्ते किंवा तीळ सोसत नसतील त्यांनी हैस खाऊ नये. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बिया आम्ही हाताने काढतो आणि प्रत्येक खजूर उघडून पाहतो. तरी एखादा तुकडा राहू शकतो, तेव्हा मुलांना देताना गोळा आधी फोडून पाहा. बी सापडलीच तर पुड्यावरचा घाण्याचा क्रमांक आम्हाला कळवा. तो घाणा कोणी निवडला ते आमच्या वहीत लिहिलेले असते.