आतड्याच्या कॅन्सरमध्ये ‘दाहाची जनुकं’: कोणती तपासणी करावी, कोणती नको

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला की घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करून आम्हाला विचारतं, “ही जीन टेस्ट तुमच्याकडे होते का?” बहुतेकदा ती आयएल-६, टीएनएफ, कॉक्स-२ अशा दाहाशी संबंधित जनुकांची असते.

दाह म्हणजे सूज. जखम झाली की ती येते, भरली की ओसरते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात ती वर्षानुवर्षं ओसरत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत मरतात, नव्या तयार होतात आणि डीएनएच्या नकलेत चुका साठत जातात. त्यात या जनुकांवरून बनणारी आयएल-६सारखी रसायनं पेशींना वाढायला उत्तेजन देतात. म्हणूनच कोलायटिसला आठेक वर्षं झाली की डॉक्टर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, सांगतात. ती टाळू नका.

या जनुकांत माणसागणिक डीएनएच्या एखाद्या अक्षराचा फरक असतो. आयएल-६ जनुकाच्या तोंडाशी एका जागी कुणाला ‘जी’ असतं, कुणाला ‘सी’. अशा फरकांमुळे आजार वेगाने पसरतो का, यावरच्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावरून कुणाची केमोथेरपी बदलत नाही. आजारपणात आधीच खर्चाचा डोंगर असतो. हा पैसा वाचवा, असंच आम्ही सांगतो.

एमएमआर, म्हणजे डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणी मात्र नक्की करा. बायोप्सीच्या तुकड्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनं आहेत का, ते पाहतात. एखादं नसेल तर औषधांची निवड बदलू शकते, आणि मागे लिंच सिंड्रोम (आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) आहे का, हेही शोधावं लागतं. तो असेल तर प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी.

लिंच असलेल्या ८६१ जणांच्या ‘कॅप२’ चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत आतड्याचा कॅन्सर कमी आढळला. अ‍ॅस्पिरिन दाह वाढवणारं कॉक्स एन्झाइम रोखते, म्हणजे दाहाचा धागा इथे खरंच कामी आला. पण गोळी मनाने सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

शौचातून रक्त जात असेल तर “मूळव्याधच असेल” म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एमएमआरसाठी येताना बायोप्सीचा रिपोर्ट आणि वॅक्स ब्लॉक आणा. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीवरचा मेणाचा छोटा ठोकळा. बायोप्सी तपासलेल्या लॅबमध्ये मागितला की मिळतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.