गाचाचा न्यायालये

रवांडातील १९९४च्या वंशसंहाराचे खटले गावोगावी उघड्यावर चालवणारी लोकन्यायालये. किन्यारवांडा भाषेतल्या या शब्दाचे मूळ गवताशी जोडले जाते. गवतावर बसून जमीन, गुरे, वारसा यांचे तंटे मिटवायची ही जुनी रीत. आपल्याकडची पारावरची पंचायत आठवावी तशी. पुढे तिच्यासमोर खून आले.

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे १०० दिवसांत लाखो माणसे मारली गेली. बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजातली, शिवाय बहुसंख्य हुतू समाजातले कत्तलीला विरोध करणारेही. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते. देशातले बहुतेक न्यायाधीश मारले गेले किंवा परागंदा झाले आणि तुरुंगांत लाखाहून अधिक कैदी कोंबले गेले. टांझानियातील अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरोप ठेवले ते ९३ जणांवर, मुख्यतः सूत्रधारांवर. हाती कोयता घेतलेल्या शेजाऱ्याचा निवाडा गावालाच करावा लागणार होता.

२००१मध्ये गावकऱ्यांनी सुमारे अडीच लाख पंच निवडले. त्यांना म्हणत ‘इन्यांगामुगायो’, म्हणजे लबाडीचा तिटकारा असलेले. कायद्याचे शिक्षण नाही, पगार नाही. २००२पासून काही भागांत आणि २००५पासून देशभर काम सुरू झाले. ठरल्या दिवशी दुकाने बंद ठेवून गाव जमे. बाकावर पट्टा घातलेले पंच, पुढे गुलाबी कपड्यांतले कैदी. वकिलांना मज्जाव होता. कबुली दिली तर शिक्षा कमी होई आणि तिचा काही भाग रस्ते-घरे बांधण्याच्या कामात भोगता येई.

पण कबुलीत प्रेत कुठे टाकले हेही सांगावे लागे. गाचाचाची सर्वांत मोलाची कमाई हीच. शौचकूपांतून, खड्ड्यांतून अस्थी निघाल्या आणि दहा-बारा वर्षांनी का होईना, घरच्यांना आपले माणूस रीतसर पुरता आले.

यासाठी वाचलेल्यांनी मोठी किंमत मोजली. मारेकऱ्यासमोर उभे राहून सगळे पुन्हा सांगायचे आणि संध्याकाळी त्याच वस्तीत परतायचे. काही साक्षीदारांचे खून झाले. जुन्या वैरातून खोटे आरोपही झाले, काही पंच लाच घेताना सापडले. २००८नंतर बलात्काराचे खटलेही इथे आले. ते बंद दाराआड चालत, तरी पंच गावातलेच असत.

१८ जून २०१२ रोजी ही न्यायालये अधिकृतपणे बंद झाली. तोवर १९ लाखांहून अधिक प्रकरणे निकाली निघाली होती. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश लूट आणि मालमत्तेच्या नासधुशीची. वंशसंहारानंतर सत्तेवर आलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट या तुत्सीप्रधान संघटनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र गाचाचाच्या कक्षेबाहेरच ठेवल्या गेल्या. त्या मृतांचे नातेवाईकही दर आठवड्याला याच सभेला बसत; आपल्या माणसाची फिर्याद त्यांना तिथे मांडता येत नसे.